दिवसा वर, रात्री खाली: रेड टाइडच्या शेवाळाची रोजची ये-जा

सागरगोटा (धागाकर्ता)

सॅन डिएगोत राहणाऱ्यांना २०२० चा एप्रिल-मे जितका लॉकडाऊनसाठी लक्षात आहे, तितकाच समुद्रासाठीही. दिवसा पाणी गंजाच्या रंगाचं, जवळ गेलं की कुजका वास, आणि रात्री लाट फुटली की निळा उजेड. त्या निळ्या लाटांचे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी व्हॉट्सॲपवर पाहिले असतील. ही रेड टाइड, म्हणजे शेवाळाचा दाट फुलोरा, बाहा कॅलिफोर्नियापासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरली होती. काही खाजणांत आणि बंदरांत पाण्यातला प्राणवायू पार संपला आणि मासे मेले. हे सगळं करणारा जीव एकपेशीय. नाव लिंग्युलोडिनियम पॉलिएड्रा, गट डायनोफ्लॅजेलेट, आकार मिलिमीटरचा विसावा हिस्सा.

निळ्या उजेडावर इथे आधी बरंच लिहून झालंय, ते परत नको. मला लिहायचंय ते हा जीव रोज जी चढ-उतार करतो त्याबद्दल. ती कळल्याशिवाय "फुलोरा आला", "फुलोरा गेला" या बातम्यांना फारसा अर्थ नसतो, असं माझं मत झालंय.

या पेशीला दोन कशाभिका, म्हणजे पोहायचे केसासारखे तंतू, असतात. एक कमरेभोवतीच्या खाचेत गुंडाळलेली, दुसरी मागे शेपटासारखी. दोन्ही हलवत, स्वतःभोवती गरगरत ती पुढे जाते. वेग साधारण ताशी एक मीटर, काही जातींचा दोन मीटरपर्यंत. ऐकायला हास्यास्पद वाटतो. पण हिशोब करा. ताशी एक मीटर म्हणजे सेकंदाला ०.२८ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या सहापट. एका रात्रीत दहा मीटर खाली जायचं तर स्वतःच्या लांबीच्या दोन लाख पट अंतर कापायचं. माणसाच्या मापात ते मुंबईहून राजापूरला पोहत जाण्याइतकं भरतं. आणि सकाळी परत.

एवढा खटाटोप कशासाठी? वर उजेड आहे पण खत नाही, खाली खत आहे पण उजेड नाही. वसंतात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर वेगळा थर करून बसतं. वरच्या थरातलं नायट्रेट, म्हणजे हेच खत, काही दिवसांत संपतं. खाली ते भरपूर असतं, पण दोन थर मिसळत नाहीत. डायटम नावाचं दुसरं शेवाळ असतं, त्याला पोहता येत नाही. पाणी घुसळलं गेलं तर त्याची चंगळ, पाणी थरावलं की ते हळूहळू बुडतं. डायनोफ्लॅजेलेट मात्र दिवसा वर येऊन कर्ब कमावतं आणि रात्री खाली उतरून नायट्रेट भरून घेतं. या दोघांत दोन्ही थरांवर हक्क सांगणारं ते एकटंच.

यात मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे घड्याळ. बिॲट्रिस स्वीनी आणि वुडलंड हेस्टिंग्ज यांनी १९५० च्या दशकात याच जिवावर काम करून दाखवलं की त्याची चमकण्याची लय अखंड मंद उजेडात ठेवलं तरी चालूच राहते, आणि तापमान बदललं तरी फारशी हलत नाही. वर-खाली जाण्याचंही तसंच. सूर्य मावळायची वाट न पाहता उतरणं सुरू होतं, उजाडायच्या आधी चढणं सुरू होतं. म्हणजे ते नुसतं उजेडामागे धावत नाहीये.

१९६८ मध्ये एपली, होल्म-हॅन्सन आणि स्ट्रिकलँड यांनी सॅन डिएगोतल्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या खोल टाकीत ही चढ-उतार मोजली होती. पण टाकी ती टाकी. खुल्या समुद्रात, खऱ्या फुलोऱ्यात, रात्रीचं नायट्रेटच सगळा डोलारा चालवतंय हे दाखवायला २०२० चा फुलोरा उपयोगी पडला. तेव्हा सॅन डिएगोच्या किनाऱ्याजवळ वायरवॉकर नावाचं यंत्र होतं. नांगरलेल्या तारेवर ते लाटांच्याच जोरावर टप्प्याटप्प्याने खाली सरकतं, तळाला पोचलं की पकड सुटते आणि ते तरंगत सावकाश वर येतं, येताना मोजमाप करत. मोटर नाही, त्यामुळे दिवसरात्र चालतं. त्यातून निघालेला बोफू झेंग आणि सहकाऱ्यांचा लेख २०२३ मध्ये आला. निष्कर्ष असा की वरच्या पाण्यात जेवढं खत होतं तेवढ्यावर इतका दाट फुलोरा पोसलाच नसता. रात्री खाली जाऊन आणलेलं नायट्रेट त्यात धरल्याशिवाय हिशोब जुळत नाही.

आता माझा मुद्दा. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलात, पाणी निवळलेलं दिसलं, तर ते शेवाळ मेलेलं नसतं. ते पाच-दहा मीटर खाली उतरलेलं असतं. कोणी पृष्ठभागावरची एक बाटली भरून "प्रमाण घटलं" म्हणत असेल तर पहिला प्रश्न हा विचारावा की बाटली किती वाजता भरली आणि किती खोलीवर.

ज्यांचा या विषयाशी संबंध येतो त्यांनी जरूर लिहा.

---

तिरकस

म्हणजे शेवाळालाही नाईट शिफ्ट. छान.

पण एक पटत नाही. ताशी एक मीटर पोहणाऱ्याने समुद्राच्या प्रवाहात काय दिवे लावायचे? प्रवाह ताशी किलोमीटरच्या हिशोबात असतात. तुमच्या यंत्राखालून वेगळंच पाणी वाहत गेलं आणि तुम्हाला वाटलं शेवाळ खाली गेलं, असं कशावरून नाही? भरती-ओहोटी पण दिवसातून दोनदा असतेच की.

---

सागरगोटा

तिरकसराव, नेमकी हीच शंका जुन्या अभ्यासांवर घेतली जायची.

आडवा प्रवाह त्यांना वाहून नेतो, त्यापुढे त्यांचं काही चालत नाही. पण पाणी थरावलेलं असताना उभ्या दिशेने पाणी जवळजवळ हलत नाही. तिथे ताशी एक मीटर हा मोठा वेग आहे. आणि खोली निवडली की प्रवाह आपोआप निवडला जातो, कारण वरचं पाणी एका दिशेला आणि खालचं दुसऱ्या दिशेला किंवा वेगळ्या वेगाने जात असतं.

याचं मला आवडणारं उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या पर्च पाँड नावाच्या खाजणाचं. डॉन अँडरसन आणि किथ स्टोल्झनबाख यांचा १९८५ चा अभ्यास. तिथली डायनोफ्लॅजेलेट दिवसा वर यायची, पण अगदी पृष्ठभागापर्यंत नाही, थोडी खालीच थांबायची. खाजणातून समुद्राकडे बाहेर पडणारं पाणी वरवरचं. त्यामुळे ती धुऊन जायच्याऐवजी आतच टिकून राहायची. हातभर खाली थांबण्याने मुक्काम वाढतो.

भरती-ओहोटीचं म्हणाल तर तिची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, सूर्याची सरकत नाही. आठ-दहा दिवस सलग मोजलं की कुठली हालचाल कुणाची ते वेगळं निघतं. एक दिवस मोजून मात्र तुमची शंका फेडता येणार नाही, हे खरं.

---

देवगडचो_बाबलो

माका एक सांगा. आमच्याकडे देवगडाक २०२० च्या नोव्हेंबरात रात्रीचा पाणी निळा चमकत होता. पेपरात फोटो इले, जुहूच्या किनाऱ्यार पण तसाच दिसला म्हणान बातमी होती. लोक गाडये घेवन बघूक येयत. ह्याच काय ता? आणि ह्या पण रात्री खाली जाता तर मग रात्रीच चमकता कसा?

---

निशिगंधा

बाबलोदादा, दोन्ही प्रश्न भारी. मी गोव्यात सागरी जीवशास्त्र शिकते, जमेल तसं सांगते.

आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या तोंडावर चमकणारा जीव बहुतेक वेळा नॉक्टिल्युका सिंटिलान्स असतो. तोही डायनोफ्लॅजेलेटच, पण घरातला वेगळाच नमुना. लिंग्युलोडिनियमपेक्षा आकाराने दहा-वीसपट मोठा, म्हणजे नीट उजेडात धरलं तर बाटलीत नुसत्या डोळ्यांना बारीक गोळे दिसतात. त्याला पोहता येत नाही म्हटलं तरी चालेल. पेशीत अमोनियमसारखे हलके आयन साठवून तो तरंगतो. वारा पडला, पाणी शांत झालं की पृष्ठभागावर जमतो, आणि वाऱ्याने एका जागी ढकलला जातो. त्यामुळे सागरगोटा म्हणतात तशी शिस्तीतली चढ-उतार त्याच्यात शोधू नका.

दुसरा प्रश्न: लिंग्युलोडिनियम रात्री खाली जातं म्हणजे शेवटची पेशीसुद्धा जाते असं नाही. फुलोरा दाट असला की वर राहिलेल्याही पुष्कळ असतात, आणि लाट फुटते तिथे किनाऱ्याजवळ पाणीच मुळात उथळ. खाली जायला जागा कुठेय?

उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युकाची हिरवी जात असते. तिच्या पोटात पेडिनोमोनास नावाचं हिरवं शेवाळ राहतं, त्यामुळे ती शिकारही करते आणि उजेडावरही जगते. तिचे थंडीतले प्रचंड फुलोरे आणि कमी प्राणवायूचं पाणी यांचा संबंध मांडणारा २०१४ चा अभ्यास हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस यांचा, दोघेही मूळ गोव्याचे. केरळच्या बाजूला लाल-नारिंगी जात जास्त दिसते.

आणि फेब्रुवारी ते मेमध्ये पाण्यावर जो लाकडाच्या भुशासारखा पिवळट थर येतो तो तिसराच, ट्रायकोडेस्मियम. त्याच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून तरंगतो. दिवसभर साखर साठली की जड होऊन थोडा खालीही जातो. कशाभिका नाहीत, तरी वर-खाली आहेच.

---

देवगडचो_बाबलो

भुसो तो आमका बरो माहीत आसा. जाळ्याक चिकटता.

---

उपग्रही

वाचनखूण साठवली. माझा संबंध उपग्रहांच्या प्रतिमांशी, तेवढ्यापुरतं लिहितो.

दाट फुलोऱ्यात उपग्रहाला वरचा एखाद-दोन मीटरचा थर दिसतो, त्याखालचं काही नाही. ज्या उपग्रहांवर वर्षानुवर्षं काम चाललं त्यांतला टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास जायचा, ॲक्वा दुपारी दीडच्या. एकाच दिवशी एकाच जागी दोघांचे आकडे वेगळे आले की आधी लोक यंत्रावर शंका घ्यायचे. शेवाळ मधल्या तीन तासांत तीन मीटर वर आलेलं असू शकतं, हे फार उशिरा ध्यानात घेतलं गेलं.

कोरियाने यावर मस्त उपाय काढला. २०१० मध्ये त्यांनी गोकी नावाचा कॅमेरा भूस्थिर उपग्रहावर बसवला. तो एकाच प्रदेशाचे दिवसातून आठ वेळा, तासातासाने फोटो घ्यायचा. त्यात सकाळी फिकट असलेला डाग दुपारपर्यंत गडद होत जाताना दिसायचा. पाणी तेच, शेवाळ तेच, फक्त वर येतंय.

त्यांना गरजही होती म्हणा. १९९५ मध्ये कॉक्लोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटच्या फुलोऱ्याने त्यांच्या मत्स्यशेतीचं ७,६४० कोटी वॉनचं नुकसान केलं. पुढच्या वर्षापासून पिवळी माती पाण्यावर फवारायला लागले. मातीचे कण पेशींना चिकटून त्यांना तळाला नेतात. ही फवारणी शेवाळ वर असताना, म्हणजे दिवसाच करायची. रात्री केली तर माती बुडते आणि शेवाळाचं फारसं काही बिघडत नाही. मातीने तळावरच्या जिवांचं काय होतं यावर वाद आहेत, आणि मला ते रास्त वाटतात. पण तो वेगळा धागा.

---

निशिगंधा

उपग्रही, एक भर घालते, कारण आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं हमखास इथे फसतात. हरितद्रव्य मोजायला फ्लुरोमीटर पाण्यात सोडतात. पेशीवर निळा उजेड टाकायचा आणि ती किती लाल चमकते ते मोजायचं. पण भर दुपारी, कडक उन्हात पेशी ही चमक स्वतःच दाबून टाकते. जास्तीचा उजेड उष्णतेच्या रूपात फेकून देते. त्यामुळे दुपारी बाराला पृष्ठभागावरचा आकडा पडतो आणि आलेखात हुबेहूब "शेवाळ खाली गेलं" असं चित्र उमटतं. पेशी तिथेच असतात!

म्हणून आलेखावर विश्वास ठेवण्याआधी पाणी काढून पेशी मोजायच्या. कंटाळवाणं काम आहे. पाण्यात लुगोल आयोडीनचे थेंब टाकायचे, पाणी फिकट तपकिरी झालं की थांबायचं. पेशी मरतात, रंगतात आणि तळाला बसतात. मग चौकटी आखलेल्या काचेवर एक मिलिलिटर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळीने मोजत जायचं. बोटाखाली काउंटर टिकटिक करत असतो.

चढ-उतार डोळ्यांनी बघायची असेल तर प्रयोगशाळेत सोपं आहे. उंच मोजपात्रात संवर्धन केलेली डायनोफ्लॅजेलेट घालून वर ट्यूबलाइट लावायची. सकाळी वरच्या दोन बोटं पाण्यात तपकिरी पट्टा असतो, खालचं पाणी नितळ. दुपार कलली की पट्ट्याची खालची कड विस्कटायला लागते, त्यातून बारीक दोरे लोंबायला लागतात. ट्यूब अजून चालूच असते, तिला हात लावलेला नसतो. दिवा बंद व्हायच्या वेळेला पट्टा मोडून गेलेला असतो. घड्याळाचं सागरगोटांनी वर लिहिलंय ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि हे असं बघणं वेगळं.

---

मस्कतवासी

मी ओमानमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात काम करत होतो. कंपनीचं नाव नको.

२००८ च्या ऑगस्टपासून पुढे जवळजवळ आठ महिने ओमानच्या आखातात आणि अरबी आखातात कॉक्लोडिनियम पॉलिक्रिकॉइडिसचा फुलोरा होता. हल्ली त्याला मार्गालेफिडिनियम म्हणतात, पण आमच्या तोंडात जुनंच नाव. हजारो टन मासे मेले, आणि दोन्ही देशांतले, म्हणजे ओमान आणि अमिरातीतले, कितीतरी प्रकल्प बंद ठेवावे लागले. ज्या देशात नळाला येणारं पाणी समुद्रातूनच येतं तिथे याचा अर्थ काय ते मी वेगळं सांगायला नको. आमच्या कॉलनीत बाटल्यांचे खोके भरून ठेवायची चढाओढ लागली होती.

तांत्रिक गोष्ट अशी. या पेशी चिकट द्रव सोडतात. आधी वाळूचे फिल्टर चोंदतात, मग पुढची मीठ गाळणारी पटलं. फिल्टर उलटं पाणी सोडून धुवायचा, तो धुऊन होतो न होतो तोच परत भरलेला. तेव्हा बैठकीत कोणीतरी हटकून सुचवायचं, की पाणी घेण्याचं तोंड आणखी खोल नेऊ या, शेवाळ वरच असतं. दिवसा असतं! रात्री ते तुमच्या तोंडापाशी हजर. ही जात साखळीने पोहते, दोन-चार-आठ पेशी एकामागे एक, आणि साखळी एकट्या पेशीपेक्षा वेगाने जाते. त्यामुळे तिची मजल इतरांपेक्षा लांब.

खोलीने काहीच फरक पडत नाही असं नाही. पण एकाच खोलीवर विसंबायचं नाही, हे त्या हंगामाने आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं. नंतर बऱ्याच ठिकाणी फिल्टरच्या आधी हवेचे बुडबुडे सोडून गाळ तरंगवून काढायची सोय आली.

---

ओसाकाकर

जपानचं राहून जायला नको.

१९७२ च्या उन्हाळ्यात सेतो अंतर्समुद्राच्या पूर्व भागात, हारिमा-नादा इथे, शॅटोनेला अँटिका या शेवाळाने पिंजऱ्यातले १ कोटी ४० लाख हामाची मासे मारले. नुकसान ७१० कोटी येनचं. पुढच्याच वर्षी त्या समुद्रासाठी खास कायदा झाला आणि कारखान्यांच्या सांडपाण्यावर बंधनं आली. शॅटोनेला हे डायनोफ्लॅजेलेट नाही, गट वेगळा, पण चढ-उतार तशीच. तिथल्या लोकांनी समुद्रातच मोठाल्या बंदिस्त पिशव्या टांगून तपासलं, आणि हे शेवाळ रात्री खाली जाऊन अंधारातसुद्धा खत उचलतं हे दाखवलं.

मत्स्यशेती करणारे काय करतात? फुलोरा आला की माशांना खायला घालणं बंद. उपाशी मासा कमी हालचाल करतो, कमी प्राणवायू वापरतो, तग धरतो. काही जण पिंजरे खोल उतरवतात. इथे परत तोच घोळ. किती खोल, आणि किती वाजता.

---

दर्याकिनारी

सगळ्यांनी इतकं छान लिहिलंय की शेवटपर्यंत वाचलं, नाहीतर विज्ञानाचे धागे मी अर्ध्यात सोडते.

माझा प्रश्न स्वयंपाकघरातला. आम्ही रत्नागिरीकडचे. तिसऱ्या, कालवं, शिनाणे असे शिंपले सगळे घरात येतात. या शेवाळामुळे ते खाणं धोक्याचं होतं का? आई म्हणते भरपूर उकळलं, आमसूल घातलं की काही होत नाही.

---

निशिगंधा

दर्याकिनारीताई, आईंना सांगा की जिवाणूंच्या बाबतीत उकळण्याचा उपयोग आहे, या विषांच्या बाबतीत नाही. काही डायनोफ्लॅजेलेट सॅक्सिटॉक्सिन बनवतात. शिंपल्यातला जीव पाणी गाळून खातो, त्याला स्वतःला फारसं काही होत नाही, विष त्याच्यात साठतं. ते उकळून जात नाही, आमसुलाने तर नाहीच. आणि चवीला, वासाला कळत नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असं घडलंय. १९८३ मध्ये मंगळूरजवळ कुळूरला शिंपल्यांतून विषबाधा झाली. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिनाणे खाऊन सात माणसं गेली आणि पाचशेच्या आसपास दवाखान्यात पडली. ओठ-जीभ बधिर होणं, मुंग्या येणं ही सुरुवातीची खूण. तसं काही झालं तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना. विष वाढलं तर श्वासाचे स्नायू थांबतात, त्यामुळे तिथे पोचणं महत्त्वाचं.

घाबरून तिसऱ्या सोडायला मी सांगत नाहीये, मी स्वतः खाते. पाण्याचा रंग विचित्र असेल, मासे मेलेले दिसत असतील, तर त्या भागातले शिंपले तेव्हा नकोत. एवढं पाळावं.

---

सागरगोटा

निशिगंधा, त्यात धाग्याच्या विषयाचा एक धागा आहे. स्पेनच्या गॅलिसियात शिनाण्यांची मोठी शेती होते. तरंगत्या तराफ्यांवरून बारा-बारा मीटर लांब दोर सोडलेले असतात, त्यांवर शिनाणे वाढतात. तिथे डिनोफायसिस नावाची जात त्रास देते. लिटरमागे शे-दोनशे पेशीसुद्धा शिंपल्यांत विष चढवायला पुरतात. आणि त्या कधीकधी पाण्यात एका पातळ थरात गोळा होऊन बसतात. वरची बाटली स्वच्छ, आणि दोराच्या मधल्या शिनाण्यांत विष.

म्हणून तिथली सरकारी संस्था बाटली वापरतच नाही. लांब नळी उभी पाण्यात सोडतात आणि तिच्यातल्या पाण्याचे तीन भाग करतात: ० ते ५, ५ ते १०, १० ते १५ मीटर. नेमक्या कुठल्या मीटरवर थर आहे ते यातून कळत नाही, पण निदान तो निसटत नाही. साधी रबरी नळी, खर्च नगण्य. आपल्याकडे हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राची फुलोऱ्यांची माहितीसेवा आहे, ती उपग्रहावर चालते. तिला जोड म्हणून किनाऱ्याकिनाऱ्यावर अशा नळ्या असायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत.

---

तिरकस

प्रवाहाचं उत्तर पटलं. पुढचा प्रश्न. अंधारात त्या पेशीला वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळतं कसं? उजाडायच्या आधी निघते म्हणालात, म्हणजे उजेडाचा आधार नाही.

आणि वादळात काय करते? घुसळलेल्या पाण्यात पोहून काय उपयोग.

---

उपग्रही

तिरकसराव, याचं उत्तर एका भारतीय भौतिकतज्ज्ञाच्या कामात आहे. अनुपम सेनगुप्ता, फ्रान्चेस्को कारारा आणि रोमन स्टॉकर यांचा २०१७ चा लेख, हेटेरोसिग्मा आकाशिवो या शेवाळावर. तेही मत्स्यशेतीचं मोठं शत्रू.

पेशीचा आकार आणि तिच्यातलं वजन यांचा मेळ असा असतो की ती पाण्यात आपोआप एका बाजूला तोंड करून उभी राहते. तोंड वर असेल तर पोहली की वर जाणार. पेशीला विचार करावा लागत नाही, गुरुत्वाकर्षणच दिशा देतं. आता गंमत बघा. त्यांनी एका छोट्या कोठडीत पेशी ठेवून कोठडी उलटसुलट फिरवली, म्हणजे घुसळलेल्या पाण्यात पेशी जशी कोलांट्या खाते तसं केलं. काही मिनिटांत पेशींचे दोन गट पडले. एक गट वर जात राहिला, दुसऱ्याने आकार किंचित बदलून घेतला आणि तो खाली जायला लागला. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, असा हिशोब. वादळातून निदान अर्धी जनता सुटते.

वादळ फारच मोठं असेल तर तुमचं म्हणणं बरोबर, पोहून उपयोग नाही. तेव्हा डायटमचे दिवस येतात.

---

माळ्यावरचा

मी मालवणला शाळेत विज्ञान शिकवतो. हे वाचून मुलांना करायला देता येईल असं काही आहे का? आमच्याकडे ठरावीक खोलीवरचं पाणी आणणारी निस्किन बाटली वगैरे काही नाही, सांगून ठेवतो.

---

निशिगंधा

सर, नक्की आहे. काचेची जड बाटली, तळाला शिसं किंवा दगड बांधलेला, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. मुख्य दोरीला मीटरमीटरवर गाठी मारा. हव्या त्या गाठीपर्यंत सोडायची, मग बुचाची दोरी हिसकायची. बुडबुडे वर आले, थांबले, की भरली. सागरगोटांची नळीही चालेल. वरचं तोंड बुचाने घट्ट बंद करून मगच ओढायची.

पावसाळ्यात मुळीच जाऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये, वारा पडलेला असताना, पृष्ठभाग, तीन मीटर आणि सहा मीटर. पहाटे, दुपारी आणि दिवस मावळल्यावर. मुलं होडीत असतील तर सोबत मोठी माणसं आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट. प्रत्येक बाटलीवर खोली, वेळ आणि भरतीची स्थिती लिहायची. भरती लिहिली नाही तर तिरकसराव पहिल्याच प्रश्नात उडवतील.

फुलोरा नसेल तर पेशी थोड्या सापडतील. तरी वर-खाली फरक दिसतो, कारण पोहणाऱ्या जाती नेहमीच असतात, फुलोऱ्यापुरत्या येत नाहीत.

---

देवगडचो_बाबलो

सर, मालवणाक माझो मावसभाऊ आसा, त्याची होडी आसा. मी सांगतंय त्येका. फेब्रुवारीत पहाटे तो तसोय जाळी बघूक जाता. पण पेशी मोजतलो कोण? सूक्ष्मदर्शक आसा शाळेत?

---

माळ्यावरचा

एक आहे. भिंग थोडं ढिलं आहे, पण चालतं.

---

निशिगंधा

त्यावर सुरुवात करा, आणि अर्धं पाणी मला पाठवा, मी इथे मोजते. लुगोल आयोडीन मात्र होडीतच घाला, घरी आल्यावर नको. नाजूक पेशी बाटलीत तासाभरात फुटतात, मग वरची बाटली कुठली आणि खालची कुठली याने काही फरक पडणार नाही. फॉर्मलिन तर अजिबात नको, शॅटोनेलासारख्या त्यातही फुटतात. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

---

तिरकस

आकडे आले की इथेच टाका. भरतीच्या वेळेसकट.